फोटो आधी उलटा करा: जुन्या फ्रेंच कलाकारांच्या कृष्णधवल फोटोंची पारख

गायिका एदीत पियाफ, नट जेरार फिलीप, नटी ब्रिजित बार्दो, कवी-दिग्दर्शक जाँ कोक्तो, गायिका ज्युलिएत ग्रेको. दुसरं महायुद्ध संपल्यापासून पुढची वीस वर्षं या मंडळींचे फोटो फ्रान्समध्ये अमाप छापले गेले. काही वर्तमानपत्रांसाठी, काही चित्रपटगृहाबाहेरच्या काचांसाठी, काही चाहत्यांच्या अल्बमसाठी. त्यातले पुष्कळ आजही बाजारात फिरताहेत. पॅरिसच्या व्हाँव्हच्या जुन्या बाजारात, सेन नदीच्या काठावरच्या पुस्तकविक्यांच्या हिरव्या पेट्यांत आणि लिलावांच्या संकेतस्थळांवर ते हमखास दिसतात. शिक्षण-नोकरीसाठी युरोपात राहणारे मराठी लोक ते घेतात, इथून घरबसल्या बोली लावणारेही आहेत.

नवख्या माणसाची नजर चेहऱ्यावर अडकते. बार्दो दिसली की फोटो महागाचा, अनोळखी नटी असली की स्वस्तातला, असा हिशोब तो मनाशी करतो. बाजार मात्र पैसे मोजतो ते त्या कागदाच्या तुकड्याचे. फोटो कोणी काढला, प्रिंट केव्हा झाली, कशासाठी झाली आणि तेव्हापासून ती कोणाकोणाच्या हातांतून गेली, यावर सगळं ठरतं. एकाच निगेटिव्हवरून १९५२ साली काढलेली प्रिंट, १९८५ साली काढलेली प्रिंट आणि काल घरच्या प्रिंटरवर मारलेली प्रत, या तिन्हींत चेहरा एकच असतो. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून माझा आग्रह असा की फोटो हातात आला की आधी तो उलटा करावा. पाठ वाचावी आणि मग चेहरा पाहावा.

तयारी

फार सामान लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सेंटीमीटरची पट्टी, ३६५ नॅनोमीटरचा छोटा अतिनील टॉर्च, वही आणि पेन्सिल. शाईचं पेन टेबलावर ठेवूच नका. खिडकीजवळचं स्वच्छ, कोरडं टेबल हवं, म्हणजे फोटोवर तिरपा उजेड पाडता येतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा किंवा पातळ नायट्राइलचे हातमोजे घाला. फोटो कडांनी धरा. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा चांदीच्या बारीक कणांची असते. बोटाचा घामट ठसा त्या चांदीच्या थरावर उमटला की काही वर्षांनी तो डाग होऊन वर येतो, आणि मग तो जात नाही.

फोटो फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटल्यासारखा वाटला, तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. थरच काचेवर राहतो आणि चेहरा फाटतो. ते काम कागद-संवर्धन जाणणाऱ्या माणसाकडे द्या.

पायरी १: हा खरोखर फोटो आहे ना?

भिंग लावा आणि चेहऱ्यावरची करडी छटा बघा, गालाची किंवा मानेची. तिथे रांगेत बसलेले नियमित ठिपके दिसले तर तो फोटो नाही, छापखान्यातलं चित्र आहे. मासिकाचं पान किंवा पोस्टर कापून फ्रेम केलेलं असतं, आणि विकणाऱ्यालाही कधीकधी त्याची कल्पना नसते. शाईचे बारीक विखुरलेले फवारे दिसले, तर ती अलीकडच्या इंकजेट प्रिंटरची करामत आहे. खऱ्या चांदीच्या प्रिंटमध्ये छटा सलग उतरत जातात, आणि फार जवळून पाहिलं तर निगेटिव्हचा अनियमित दाणा दिसतो.

तिसरी शक्यता खास त्या काळातली आहे. फोटोवर एका दिशेने जाणाऱ्या बारीक समांतर रेषा दिसत असतील, तर तो तारेवरून पाठवलेला फोटो असण्याची शक्यता मोठी. एदुआर बेलाँ या फ्रेंच माणसाने १९०७मध्ये टेलिफोनच्या तारेवरून चित्र पाठवण्याचं यंत्र बनवलं, म्हणून फ्रान्समध्ये अशा फोटोला बेलिनोग्राम म्हणतात. फ्रान्समधल्या कान गावच्या चित्रपट महोत्सवातली नटी त्याच दिवशी पॅरिसच्या संपादकाच्या टेबलावर पोचायची ती अशी. इतिहास म्हणून ही वस्तू मोलाची आहे. संग्राहक मात्र तिला निगेटिव्हवरून थेट काढलेल्या प्रिंटपेक्षा कमी भाव देतात, कारण तपशील तारेतच गळून गेलेला असतो.

चौथी शक्यता सगळ्यात फसवी आहे. जुन्या प्रिंटचा फोटो काढून त्यावरून नवी प्रिंट केलेली असते. फ्रेंच कॅटलॉगमध्ये हिला ‘काँत्रतीप’ म्हणतात. ही चांदीचीच प्रिंट असते, भिंगाखाली ठिपके दिसत नाहीत, आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. इथे दोन ठिकाणी लक्ष द्या. एक, पांढऱ्या शर्टाचा पोत आणि केसांतले काळे बारकावे. पुन्हा फोटो काढताना दोन्ही टोकांचे तपशील हरवतात, पांढरं सपाट होतं आणि काळं गोठतं. दुसरी खूण त्याहून पक्की आहे. फोटोत एखादी घडी किंवा ओरखडा दिसत असेल, तर फोटो तिरप्या उजेडात धरा. डोळ्याला घडी दिसते पण पृष्ठभाग तिथे अगदी सपाट, अखंड चमकतो आहे? मग ती घडी दुसऱ्याच कागदावर पडली होती. तुमच्या हातात तिची सावली आली आहे.

पायरी २: कागदाचं वय

आकार मोजा. फ्रान्समधले नेहमीचे आकार सेंटीमीटरमध्ये येतात: १३ × १८, १८ × २४, २४ × ३०, ३० × ४०. फोटो २०.३ × २५.४ सेंटीमीटर भरला तर तो आठ बाय दहा इंच आहे, म्हणजे अमेरिकी माप. फ्रेंच नटाचा फोटो या मापात असेल तर तो अमेरिकी वितरकाने किंवा वर्तमानपत्रांना फोटो पुरवणाऱ्या एजन्सीने छापला असण्याचा संभव जास्त. त्यामुळे तो खोटा ठरत नाही, पण ‘पॅरिसमधली मूळ प्रिंट’ असं कोणी सांगत असेल तर त्याला प्रश्न विचारायला हवा. चित्रपटगृहाबाहेर लावायचे फोटो बहुधा २४ × ३०चे असत, आणि त्यांच्या कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं सापडतात. अशी भोकं पाहून नाक मुरडू नका. ती त्या फोटोच्या कामाची खूण आहे.

नंतर कागद बोटांना कसा लागतो ते पाहा. त्या काळच्या प्रिंट कागदी तंतूंच्या आधारावर असत. त्या थोड्या वळतात, कडेला कागदाचा तंतू दिसतो, पाठ कागदासारखीच लागते. प्लास्टिकचा लेप दिलेला कागद कृष्णधवल कामात रुळला तो १९७०च्या दशकात. पाठ गुळगुळीत, प्लास्टिकसारखी लागली आणि कागद अगदी ताठ सपाट राहिला, तर ‘१९५५ची प्रिंट’ हा दावा तिथेच संपला. फोटो १९५५चा असू शकेल, प्रिंट नाही.

आता खोलीत अंधार करा आणि अतिनील टॉर्च लावा. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली ती १९५०च्या दशकाच्या आरंभी. ती असली की कागद निळसर पांढरा उजळतो, धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखा. १९३८ किंवा १९४६ची म्हणून विकली जाणारी प्रिंट अशी झगझगली तर ती तेव्हाची नाही. याच प्रकारच्या कागद-तपासणीतून १९९०च्या दशकात एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. पॅरिसमध्ये काम केलेल्या मॅन रे या अमेरिकी कलाकाराच्या जुन्या प्रिंट म्हणून मोठ्या रकमेला विकलेले फोटो त्याच्या मृत्यूनंतर बनलेल्या कागदावर निघाले. उलट बाजूही ध्यानात असू द्या. कागद उजळला नाही म्हणून तो जुना सिद्ध होत नाही, कारण अशा रसायनाशिवायचे कागद नंतरही बनत राहिले. शिवाय १९५०नंतरच्या फोटोला ही कसोटी फारशी उपयोगाची नाही, तिथे दोन्ही उत्तरं चालतात.

जुनेपणाची एक खूण मला सगळ्यात विश्वासाची वाटते. फोटो तिरपा धरला की कडांजवळच्या गडद भागात निळसर, आरशासारखी झाक दिसते. वर्षानुवर्षांच्या हवा-दमटपणामुळे प्रतिमेतली चांदी पृष्ठभागावर येऊन बसते, त्याची ही झाक. ती नकली करणं कठीण असतं. आणि ती नुकसानीची खूण असली तरी पुसण्याच्या भानगडीत पडू नका.

पायरी ३: पाठ वाचा

खरा अभ्यास इथे आहे, म्हणून इथे वेळ द्या. पाठीवर शिक्के, पेन्सिलीच्या खुणा, टंकलिखित मजकुराच्या चिकटवलेल्या पट्ट्या, तारखा, किमती असं बरंच काही सापडतं. एक उदाहरण घेऊ.

समजा १८ × २४ सेंटीमीटरची प्रिंट आहे. रंगमंचावर जेरार फिलीप, ‘ल सिद’ या नाटकातल्या वेशात. पुढून पाहून एवढंच ठरतं की प्रसंग १९५१ किंवा नंतरचा आहे, कारण दिग्दर्शक जाँ व्हिलारच्या नाट्यसंस्थेत तो आला आणि आव्हिन्योंच्या नाट्यमहोत्सवात त्याने ती भूमिका गाजवली ते वर्ष १९५१. फोटो उलटा करा. वरच्या कोपऱ्यात निळा शिक्का: छायाचित्रकाराचं नाव, रस्ता, ‘पॅरिस ६’ (म्हणजे शहराचा सहावा विभाग), आणि टेलिफोनसाठी ‘ओदेओं’ या एक्स्चेंजची पहिली तीन अक्षरं व चार आकडे. मधोमध लाल रंगात तारीख: २६ नोव्हेंबर १९५९. बाजूला मेणाच्या पेन्सिलीने आखलेली चौकट आणि फोटो तीन कॉलम रुंद छापण्याची सूचना.

जेरार फिलीप गेला २५ नोव्हेंबर १९५९ला, वयाच्या ३६व्या वर्षी. त्याला ‘ल सिद’च्याच पोशाखात पुरलं. म्हणजे ही लाल तारीख त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाची आहे. वर्तमानपत्राच्या कपाटात आधीपासून असलेली प्रिंट कोणीतरी मृत्यूच्या बातमीसाठी बाहेर काढली, चौकट आखली आणि छापायला पाठवली. प्रिंट १९५१ ते १९५९च्या दरम्यानची, हे आता पुराव्यानिशी सांगता येतं. त्याशिवाय ती त्या दिवशी वापरली गेली, हाही तिच्या मोलाचा भाग झाला. हे सगळं पाठीवर होतं. पुढच्या बाजूला फक्त एक देखणा नट होता.

असं वाचन जमण्यासाठी फ्रान्समधल्या काही तारखा पाठ असलेल्या बऱ्या. पॅरिसच्या फोन नंबरात सुरुवातीला एक्स्चेंजच्या नावाची तीन अक्षरं असत. ऑक्टोबर १९६३पासून अक्षरं जाऊन सगळे आकडे आले, एकूण सात. १९८५मध्ये ते आठ झाले, १९९६मध्ये दहा. पाच आकडी पिनकोड १९७२मध्ये आले. पत्त्यात ‘७५००६’ असेल तर शिक्का त्यानंतरचा, ‘पॅरिस ६’ एवढंच असेल तर बहुधा आधीचा. व्यापारी नोंदणीच्या क्रमांकापुढे ‘सेन’ हा जिल्हा लिहिलेला असेल तर तोही जुनेपणाचाच पुरावा, कारण तो जिल्हा १ जानेवारी १९६८ला विसर्जित झाला. पाठीवर किंमत लिहिली असेल तर आणखी मजा. जानेवारी १९६०मध्ये शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक झाला, आणि पुढची तीन वर्षं किमतीपुढे ‘नवा फ्रँक’ची ‘एन एफ’ ही अक्षरं लावायची पद्धत होती. ती अक्षरं दिसली की तीन वर्षांची खिडकी तुमच्या हाती येते.

एक सावधगिरी. शिक्का सांगतो तो शिक्का मारल्याची वेळ. छायाचित्रकार घर बदलल्यावरही जुना शिक्का काही दिवस वापरतो, आणि त्याच्या मागे वारसदार वेगळे शिक्के बनवतात. म्हणून शिक्का, कागद आणि प्रसंग या तिघांची साक्ष जुळते का ते बघायचं. बनावट शिक्केही असतात. पाठीवरचा मळकटपणा आणि पिवळेपणा शिक्क्याच्या शाईखाली आहे की वर, हे भिंगातून पाहा. साठ वर्षांच्या धुळीवर ताजी शाई ऐटीत बसलेली दिसली तर फोटो परत ठेवून द्या.

‘पुनर्मुद्रणास मनाई’, ‘नाव छापणे बंधनकारक’, ‘परत करावे’ अशा अर्थाचे फ्रेंच शिक्के एजन्सीच्या फोटोंवर नेहमी दिसतात. ते पाहून बिचकू नका, ते कामाच्या प्रिंटचं लक्षण आहे. टंकलिखित पट्टी अर्धवट निघत असेल तर ती तशीच राहू द्या. डिंक लावू नका आणि चिकटपट्टी तर मुळीच नको.

पायरी ४: फोटो कोणाचा, म्हणजे कोणी काढला

इथे ढोबळ चार घरं आहेत.

पहिलं स्टुडिओंचं. त्यात सगळ्यात ओळखीचं नाव स्टुडिओ आर्कूर, पॅरिस, स्थापना १९३४. चित्रपटासारखी प्रकाशयोजना, काळोखातून उजळत आलेला चेहरा, आणि खालच्या कोपऱ्यात तिरप्या अक्षरांत ‘आर्कूर पॅरिस’ ही सही. ही सही संस्थेची आहे, कुठल्या एका छायाचित्रकाराची नाही. त्या काळचा बहुतेक प्रत्येक मोठा नट तिथे बसून गेला, पण हजारो सामान्य पॅरिसकरही गेले. १९३४पासूनचा निगेटिव्हचा प्रचंड साठा फ्रेंच सरकारने १९९१मध्ये घेतला, आणि स्टुडिओ आजही त्याच सहीने चालतो. तेव्हा नुसती सही पाहून वय ठरवू नका, पायरी २ इथेही करावीच लागते. बार्दोच्या सुरुवातीच्या दिवसांतली अनेक गाजलेली चित्रं साम लेव्हिनच्या स्टुडिओतली आहेत. त्यांची पोस्टकार्डं ‘पे. ई.’ या प्रकाशनाने भरपूर छापली. पोस्टकार्डं सुंदर असतात, स्वस्त असतात, सुरुवातीला घ्यायला उत्तम. पण ती पोस्टकार्डं म्हणूनच घ्यावीत.

दुसरं घर एजन्सींचं: राफो, रोजे-व्हिओले, कीस्टोन, एएफपी, १९४७ला सुरू झालेली मॅग्नम. एजन्सीच्या शिक्क्यासोबत छायाचित्रकाराचं नाव असेल तर भाव वाढतो, नसेल तर तो फोटो निनावी समजला जातो, आणि ते योग्यच आहे. ‘हा नक्की रोबेर द्वानोसारख्या नामवंत छायाचित्रकाराचाच असणार’ असं विक्रेता म्हणाला तर पुरावा मागा.

तिसरं, ज्यांचं नावच मोठं आहे ते: रोबेर द्वानो, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, ब्रासाई, विली रोनिस, इझिस. यांच्या बाबतीत चेहऱ्यापेक्षा छायाचित्रकार मोठा ठरतो. कार्तिए-ब्रेसाँ स्वतः प्रिंट काढत नसे. त्याच्या निगेटिव्हवरून संग्राहकांसाठी नंतर काढलेल्या प्रिंटवर खालच्या पांढऱ्या पट्टीत शाईची सही आणि कागदावर उठवलेली मुद्रा असते. वर्तमानपत्रांसाठी त्या काळी निघालेल्या प्रिंटवर बहुधा सही नसते, पाठीवर शिक्के असतात. सही नाही म्हणून दुसरी प्रिंट कमी, असं अजिबात नाही. कित्येक जाणते संग्राहक तिच्यामागेच असतात, आणि माझाही कौल तिलाच.

चौथं घर चित्रपट-नाटकांच्या सेटवरच्या छायाचित्रकारांचं. यांची उपेक्षा फार झाली. दिग्दर्शक गोदारच्या ‘आ बू द सूफ्ल’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात १९५९मध्ये रेमों कोशतिए फोटो काढत होता. पॅरिसच्या शांझ-एलिझे रस्त्यावर चालणारे त्यातले नटी-नट जीन सेबर्ग आणि बेलमोंदो आज जगाला माहीत आहेत ते बरेचसे त्याच्या कॅमेऱ्यामुळे. पण तो पगारी माणूस होता, आणि त्या फोटोंचे हक्क त्याला मिळायला कित्येक दशकं जावी लागली. त्याने सही केलेल्या ज्या प्रिंट आज दिसतात त्या बहुतेक त्यानंतरच्या आहेत. आन्येस व्हार्दा दिग्दर्शिका होण्याआधी व्हिलारच्या नाट्यसंस्थेची छायाचित्रकार होती. आव्हिन्योंमधले जेरार फिलीपचे किती तरी फोटो तिचे आहेत. नाटकाचा फोटो दिसला की पाठ दोनदा वाचा.

पायरी ५: कलाकाराची सही

सहीचा फोटो आणि सही छापलेला फोटो यांत नवखे लोक हमखास गोंधळतात. तिरप्या उजेडात पाहा. खरी शाई पृष्ठभागावर बसलेली दिसते, तिची चमक वेगळी असते, पेनाने किंचित दाबलेली रेघ जाणवते. सही प्रतिमेच्याच थरात मुरलेली असेल तर ती निगेटिव्हवरच होती आणि प्रत्येक प्रतीवर तीच आली.

पेनाचं वयही मृत्यूच्या तारखेशी ताडून पाहा. स्वस्त बॉलपेन फ्रान्समध्ये घराघरांत पोचलं ते १९५०च्या अखेरीस बिक कंपनीने आपलं पेन आणल्यावर. बारीक टोकाचं फायबर-टिप पेन जपानमधून आलं १९६३च्या सुमारास. पियाफ आणि कोक्तो दोघंही ऑक्टोबर १९६३मध्ये गेले, लेखक काम्यू जानेवारी १९६०मध्ये, जेरार फिलीप १९५९मध्ये. यांच्यापैकी कोणाचीही अशा फायबर-टिप पेनाने केलेली सही कोणी दाखवली तर चर्चा पुढे नेण्यात अर्थ नाही. बार्दो, ग्रेको, नट दलों ही मंडळी मात्र पुढे अनेक दशकं सह्या देत राहिली, त्यांच्याबाबत ही कसोटी चालत नाही. तिथे त्याच काळातल्या खात्रीच्या सह्यांशी अक्षर जुळवूनच पाहावं लागतं. ‘प्रमाणपत्र सोबत आहे’ या वाक्यावर जाऊ नका. प्रमाणपत्र कोणी दिलं आणि त्याची बाजारात पत काय, ते आधी शोधा.

पायरी ६: अवस्था

कोपरे, घड्या, फाटलेल्या कडा, बुरशी, पिवळेपणा यांची पुढून-मागून नोंद करा. चेहऱ्यावरचा ओरखडा आणि कडेचा ओरखडा यांचं वजन सारखं नसतं. छापखान्यासाठी रंगाच्या ब्रशने उठावदार केलेली कडा, कापण्याच्या खुणा वगैरे गोष्टींना मी दोष मानत नाही, वर्तमानपत्राच्या फोटोला त्या शोभतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रिंट मात्र घेताना विचार करा, कारण तिची पाठ वाचता येत नाही.

पायरी ७: भाव

विक्रेत्याने लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहा. पॅरिसचं द्रुओ हे १८५२पासूनचं लिलावघर आणि तिथे विक्री करणाऱ्या संस्था निकाल जाहीर करतात, तसंच संकेतस्थळांवर ‘विकलेल्या वस्तू’ वेगळ्या पाहता येतात. तुलना करताना तोच चेहरा पुरेसा नाही. तोच छायाचित्रकार, प्रिंटचा तोच काळ, साधारण तोच आकार आणि तशीच अवस्था जुळली पाहिजे. आकडा हातोड्याचा (म्हणजे लिलावातल्या शेवटच्या बोलीचा) आहे की लिलावघराच्या शुल्कासकट, तेही बघा. पॅरिसमध्ये खरेदीदाराचं शुल्क पाव ते जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढं असू शकतं. त्यावर टपालखर्च, विमा, भारतात मागवलं तर कस्टम्स. हे सगळं बोली लावण्याआधी कागदावर मांडा.

निनावी छायाचित्रकाराची, ओळखीच्या चेहऱ्याची एजन्सी-प्रिंट ही बहुतेक वेळा दोन आकडी युरोंची वस्तू आहे. तिच्यासाठी चार आकडी रक्कम मागितली तर कारण विचारा.

पूर्वेतिहास भाव कुठे नेऊ शकतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण द्वानोचं. पॅरिसच्या नगरभवनासमोर चुंबन घेणारं जोडपं त्याने १९५०मध्ये टिपलं. ही प्रतिमा जगभर पोस्टरवर आहे, त्याने सही केलेल्या नंतरच्या प्रिंटही पुष्कळ आहेत. पण फोटो काढल्यावर थोड्याच दिवसांत त्यातल्या तरुणीला त्याने एक छोटी प्रिंट दिली होती, पाठीवर त्याचा शिक्का. ती तिने आयुष्यभर जपली आणि एप्रिल २००५मध्ये पॅरिसच्या लिलावात काढली. हातोडा पडला १,५५,००० युरोंवर. प्रतिमा सगळ्यांची होती, पण तो कागद छायाचित्रकाराच्या हातातून थेट फोटोतल्या व्यक्तीच्या हातात गेलेला एकमेव कागद होता, आणि ते सिद्ध करता येत होतं. म्हणून विक्रेत्याला नेहमी विचारा: हा फोटो तुमच्याकडे कुठून आला? ‘एका निवृत्त पत्रकाराच्या घरातून’ हे उत्तर चांगलं. त्याची पावती किंवा पत्र असेल तर त्याहून चांगलं.

कॅटलॉग वाचताना

काही शब्द ओळखीचे करून घ्या. ‘तिराज देपॉक’ म्हणजे फोटो काढला त्याच सुमाराची प्रिंट. ‘तिराज पोस्तेरियर’ किंवा ‘तार्दिफ’ म्हणजे नंतरची. ‘आर्जाँतीक’ म्हणजे चांदीची. वर्णनात यातलं काहीच नसेल तर ईमेल करून विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१चा एक शासकीय आदेश विक्रेत्याच्या शब्दांना वजन देतो. कलाकाराचं नाव सरळ दिलं असेल तर ती कृती त्याचीच असल्याची हमी मानली जाते. ‘अत्रिब्युए’ असं लिहिलं तर ती त्याची असण्याची शक्यता दाट, इतकंच. ‘त्याच्या शैलीत’ लिहिलं असेल तर हमी शून्य. आणखी एक नियम कामाचा: फ्रेंच करकायद्यानुसार फोटो कलाकृती ठरायला तो छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली छापलेला, सही-क्रमांकासह, आणि सगळे आकार मिळून जास्तीत जास्त ३० प्रतींतला हवा. १९५०च्या कामाच्या प्रिंटना असे क्रमांक नसतात. कोणी त्या काळच्या वर्तमानपत्री प्रिंटवर ‘१२/३०’ दाखवलं तर तो क्रमांक पुढे कधीतरी पडलेला आहे.

फोटो विकत घेतला म्हणजे तो छापण्याचा हक्क मिळत नाही, हेही इथेच सांगतो. फ्रान्समध्ये तो हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं त्याच्या वारसांकडे असतो.

घरी आणल्यावर

मुंबई-कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात जुन्या फोटोचा मोठा शत्रू बुरशी. भिंतीला टेकवून ठेवलेली फ्रेम जुलैत आतून ओलसर होते. फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक बाहीत घाला, पुठ्ठ्याच्या पेटीत आडवा ठेवा, सोबत सिलिका जेल ठेवा आणि ते वेळेवर सुकवा किंवा बदला. चिकट पानांचे अल्बम, लॅमिनेशन, पीव्हीसीच्या बाह्या कटाक्षाने टाळा. फ्रेम करायचीच असेल तर मध्ये जाड माउंट घाला, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

शेवटी एक फाइल करा. फोटोची पुढची आणि मागची बाजू स्कॅन करा, माप, कागदाचा प्रकार, प्रत्येक शिक्क्यातला मजकूर जसाच्या तसा, अतिनील उजेडात काय दिसलं, कोणाकडून, कधी, किती रकमेला घेतला, पावती आणि ईमेल, सगळं एकत्र ठेवा. अंदाज आणि खात्री वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. फोटोच्या पाठीवर स्वतः काहीही लिहू नका. खूण करायचीच झाली तर पाकिटावर करा, आणि तीही फोटो आत घालण्याआधी.